नफा नजरेचा : क्रिकेट कार्डांच्या धंद्यात उतरलेल्या भाचीला

पोरी,

खोपोलीत बसून तू क्रिकेटची जुनी कार्डं घ्यायला आणि विकायला लागलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. मनापासून आनंद झाला. कर्जतच्या आपल्या रद्दीच्या दुकानात तुझे आजोबा तागडीवर गठ्ठा चढवण्याआधी त्याची सुतळी सोडायचे आणि कागद न् कागद चाळायचे. "तोलायच्या आधी बघ," एवढंच ते सांगायचे. वजनाच्या भावात आलेल्या ढिगातून जुनी मासिकं, टपाल तिकिटं, खेळाडूंची चित्रं वेगळी निघायची आणि ती जपणाऱ्याच्या घरी जायची. तुझा धंदाही तोच आहे. माल छोटा झाला आणि गिऱ्हाईक लांबचं झालं, एवढाच फरक.

आजोबांनी मला जे दिलं आणि मी त्यात जी भर घातली ते आता तुला देतो. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: या धंद्यातला नफा नजरेचा असतो. नजर तयार असेल तर थोड्या मुद्दलावरही माणूस उभा राहतो. नजर नसेल तर कितीही पैसा ओतला तरी तो दुसऱ्याच्या खिशात जातो.

चार प्रश्न

कार्ड हातात आलं की चार प्रश्न विचार. कोणाचं आहे? कधीचं आहे? अशी किती उरली असतील? आणि हे कशा अवस्थेत उरलंय? बहुतेक नवे लोक पहिल्याच प्रश्नापाशी थांबतात. सचिन दिसला, धोनी दिसला, की पैसे काढतात. खरी किंमत तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात असते.

आधी आपल्याकडचा माल समजून घे. इंग्लंड-अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटाला ताठपणा यावा म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्यावर खेळाडूंची चित्रं छापली जाऊ लागली. रणजितसिंहजींचं चित्र असलेली जुनी कार्डं त्याच घराण्यातली. आपल्याकडे १९८० आणि ९० च्या दशकांत बिग फन च्युइंगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं आली, मग दुकानादुकानांत खेळाडूंचे आकडे छापलेल्या ट्रंप कार्डांचे संच आले, आणि आयपीएल सुरू झाल्यावर टॉप्सची क्रिकेट अटॅक्स आली. शिवाय १९९० च्या दशकात परदेशी निघालेली फ्युटेराची कार्डं इथल्या हौशी लोकांकडे आहेत. यातलं एकच दालन निवड. माझं ऐकशील तर १९८५ ते २००० ची ट्रंप कार्डं घे. ती आपल्याच घराघरांत आहेत, त्यांच्यावर परदेशातल्या मोठ्या व्यापाऱ्यांची नजर फारशी नाही, आणि तुझ्या आईच्या पिढीच्या आठवणी त्यांत आहेत. एका दालनात मुरलीस की दुसरं उघड. सगळीकडे थोडंथोडं घेणाऱ्याला कशाचीच पारख येत नाही.

जे सगळे जपतात ते दुर्मिळ होत नाही

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. अमेरिकेत टॉप्स कंपनीने १९५२ साली बेसबॉलची कार्डं काढली. त्यांतली शेवटच्या तुकडीची कार्डं खपली नाहीत, गोदामात पडून राहिली, आणि १९६० साली कंपनीच्याच माणसाने ती बोटीतून नेऊन समुद्रात टाकली. त्याच तुकडीतलं मिकी मँटलचं एक उत्तम अवस्थेतलं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ज्याला कोणी विचारलं नाही आणि जे नष्ट झालं, त्यातलं उरलेलं कार्ड असं मोलाचं ठरलं.

आता याची उलट बाजू बघ. जुन्या कार्डांना पैसे येतात हे कळल्यावर १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कंपन्यांनी कार्डांचा पूर आणला. लोकांनी ती पेट्यांनी घेतली आणि मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील म्हणून न उघडता ठेवली. प्रत्येकाने ठेवली, म्हणून कोणाचीच वर गेली नाहीत. त्या काळातल्या कितीतरी पेट्या आज जवळपास मूळ किमतीतच मिळतात.

आपल्याकडे सचिनच्या २०० व्या कसोटीच्या वेळी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, टपाल खात्याने त्याच्यावर तिकिटं काढली. कोणी ती पत्राला लावली नाहीत, सगळ्यांनी पाकिटात जपली. सचिनवर प्रेम असेल तर ती जरूर ठेव. पण नफ्यासाठी 'मर्यादित आवृत्ती', 'संग्राहकांसाठी खास' असं छापलेलं काही घेताना हात आखडता घे. मुलांनी खेळून, उडवून, शाळेच्या दप्तरात चुरगाळून संपवलेल्या वस्तूंतूनच पुढची दुर्मिळ वस्तू तयार होते. म्हणूनच ट्रंप कार्डांचा पूर्ण संच, पेटीसकट आणि नियमांच्या कार्डासकट मिळाला, तर सुट्या कार्डांपेक्षा त्याला कितीतरी जास्त मागणी असते.

कार्डाचं वय काढायला शीक

आपल्या जुन्या ट्रंप कार्डांवर बहुधा साल छापलेलं नसतं. विकणारा "एटीजचं आहे" म्हणतो आणि घेणारा मान हलवतो. तू मान हलवू नकोस. कार्डावरचे आकडे वाच, ते साल सांगतात.

सुनील गावस्करचं एकदिवसीय सामन्यांतलं एकच शतक आहे, ते ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध झालं. त्याच्या कार्डावर एकदिवसीय शतक १ दिसलं, तर ते कार्ड त्या दिवसाआधी छापलेलं असूच शकत नाही. सचिनचं पहिलं कसोटी शतक ऑगस्ट १९९० मधलं, मँचेस्टरचं. पहिलं एकदिवसीय शतक ९ सप्टेंबर १९९४ चं, कोलंबोचं. कपिल देवचे कसोटी बळी ४३४ लिहिले असतील तर कार्ड १९९४ मधलं किंवा नंतरचं.

इथे एक बारकावा नीट लक्षात ठेव. आकडा पुढचा असेल तर कार्ड त्या तारखेनंतरचंच, हे पक्कं. पण आकडा मागचा असेल तर कार्ड आधीचंच, हे पक्कं नाही, कारण कितीतरी छापणारे जुनेच आकडे वर्षानुवर्षं वापरत. म्हणून एकाच कार्डावर विसंबू नकोस, संचातली दहा-बारा कार्डं ताडून बघ. सगळ्यांत पुढचा आकडा ज्या खेळाडूचा, तो त्या संचाच्या खऱ्या वयाच्या सगळ्यांत जवळ नेतो.

पेटीवरचा पत्ताही वाच. सहा आकडी पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. 'बॉम्बे'च्या जागी 'मुंबई' असेल तर बहुधा १९९५ नंतरची. आणि एखाद्या जुन्या अल्बमवर आपल्याच भागातल्या दुकानाचा शिक्का असून त्यावर 'जि. कुलाबा' लिहिलेलं असेल, तर तो अल्बम बहुधा १९८१ च्या आधीचा, कारण १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला. अशी चिन्हं टिपत गेलीस की विकणाऱ्यापेक्षा तुला त्या मालाची माहिती जास्त असेल, आणि भाव ठरवताना त्याचाच उपयोग होतो.

खरं आणि नक्कल

दहापट मोठं दाखवणारं भिंग घे. सराफाकडे असतं तसं साधं चालेल, थोड्या पैशांत मिळतं. छापखान्यातल्या खऱ्या कार्डावर चित्र ठिपक्यांच्या ओळीबद्ध नक्षीने बनलेलं दिसतं, पण काळी अक्षरं भरीव आणि कडेला स्वच्छ असतात. कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलं असेल तर अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची होतात, कडा फुटलेल्या दिसतात. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ठिपक्यांना शिस्तच नसते, शाई शिंपडल्यासारखी दिसते.

नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा छोटा दिवाही जवळ ठेव. साधारण १९५० नंतर कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालू लागले, ती त्या उजेडात निळसर उजळतात. १९३० च्या दशकातलं म्हणून दिलेलं सिगारेट कार्ड असं उजळलं, तर पैसे परत खिशात ठेव.

मग माप घे. आजची नेहमीची कार्डं अडीच इंच बाय साडेतीन इंच असतात. आपल्या जुन्या संचांची मापं निरनिराळी आहेत, म्हणून त्याच संचातलं दुसरं साधं कार्ड शेजारी धर. एखादं कार्ड केसभर लहान निघालं आणि त्याच्या कडा बाकीच्यांपेक्षा जास्त ताज्या दिसल्या, तर झिजलेले कोपरे लपवायला कोणीतरी ते कापलंय. यात भलेभले फसले आहेत. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं शंभर वर्षांपूर्वीचं एक कार्ड जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड समजलं जातं. पीएसए या अमेरिकन संस्थेने प्रमाणित केलेलं ते पहिलंच कार्ड, आणि २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात दिली. प्रमाणपत्राचा मान ठेव, पण तुझ्या डोळ्यांना सुट्टी देऊ नकोस.

कोपरे, कडा, पृष्ठभाग, मध्य

अवस्था तपासायची ती याच क्रमाने. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बस. चारही कोपरे बघ: टोकदार आहेत, की गोल झालेत, की पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटलेत. मग कडांवरून नजर फिरव, जिथे रंग उडून पांढरं दिसतं ती झीज. मग कार्ड तिरपं धरून त्यावर मोबाईलचा उजेड आडवा टाक. समोरून न दिसणारी घडी, नखाचा ओरखडा, दाबाचा खड्डा, सगळं त्या उजेडात उभं राहतं. शेवटी चित्राभोवतीची पांढरी किनार चारही बाजूंना सारखी आहे का ते पट्टीने मोज. मागची बाजू विसरू नकोस. कितीतरी कार्डं पुढून देखणी आणि मागून डिंकाने खराब असतात.

काहीही सुधारायला जाऊ नकोस. घडी इस्त्रीने काढणं, कोपरा पेनाने रंगवणं, कोणा मुलाने बॉलपेनने लिहिलेलं नाव खोडणं, यातलं काही करून विकलंस तर ती फसवणूक आहे. कार्ड लॅमिनेट कधी करू नकोस. ज्या कार्डावर प्लास्टिक वितळवून चिकटवलं ते संग्राहकाच्या दृष्टीने संपलं.

परदेशी संस्थांकडे कार्ड पाठवून १ ते १० मध्ये दर्जा ठरवून घेता येतो आणि ते कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद होऊन परत येतं. इथून पाठवायचं तर मध्यस्थ, टपाल, जकात आणि काही महिन्यांची वाट, हे सगळं खर्चात धर. त्या सगळ्यानंतरही किमतीत दुपटीहून जास्त भर पडेल, असंच कार्ड पाठव. बाकीच्या मालाला तुझा खरा फोटो आणि खरं वर्णन पुरे.

माल कुठे असतो

नफ्यासाठी नवी पाकिटं फोडू नकोस. चांगलं कार्ड कितव्या पाकिटात यावं याचं गणित कंपनीने आधीच मांडलेलं असतं आणि ते कंपनीच्या बाजूचं असतं. पाकीट फोडायची गंमत तुझ्या धाकट्या भावाला घेऊ दे.

आपल्या कर्जत-खालापुरात माल आहे, आणि तो का आहे हेही समजून घे. कर्जतला घाटाखालचं रेल्वेचं मोठं ठाणं, म्हणून रेल्वेच्या वसाहती. खोपोलीला १९१५ पासून टाटांचं वीजकेंद्र, भिवपुरीला १९२२ पासून, पुढे खोपोली आणि रसायनीला कारखाने. देशभरातून नोकरीला आलेली माणसं क्वार्टर्समध्ये राहिली, मुलं इथे वाढली, मुंबई-पुण्याला गेली, आणि त्यांच्या लहानपणीची खोकी माळ्यावर राहिली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना, जुनं घर पाडून इमारत होताना, गावची जागा फार्महाऊसला विकताना ही खोकी बाहेर येतात. तुझा माल तिथे आहे. म्हणून भंगारवाल्याशी, रद्दीवाल्याशी, टेम्पोवाल्याशी नीट बोल. "पत्ते, कार्डं, क्रिकेटचे फोटो, जुनी मासिकं निघाली तर आधी मला फोन करा" एवढं सांगून ठेव, आणि फोन आला की माल घेतला नाहीस तरी कळवल्याबद्दल आभार मान. चहाचे पैसे दे. पुढचा फोन त्यामुळेच येतो.

कार्डांबरोबर निघणारे बाकीचे कागद बाजूला टाकू नकोस. संदीप पाटील संपादक असलेलं 'एकच षटकार', इंग्रजी 'स्पोर्ट्सवीक', 'स्पोर्टस्टार', त्यांतली मधल्या पानांवरची मोठी चित्रं, सामन्यांची तिकिटं, क्लबांचे धावफलक. कार्ड घेणारं गिऱ्हाईक हेही घेतं.

बाहेरच्या बाजारांत आधी नुसतं फिरायला जा. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहे, फाउंटन आणि माटुंग्याला जुन्या पुस्तकांचे विक्रेते आहेत. पहाटेची गाडी धर, बाजार लागतानाच पोच. पहिल्या खेपांना फक्त भाव विचार, वहीत लिही, घरी ये. पाहणाऱ्याला बाजार काही मागत नाही आणि पुष्कळ शिकवतो.

मागितलेला भाव आणि झालेला भाव

इंटरनेटवर कोणी कार्डाला पाच हजार मागितले म्हणून ते पाच हजारांचं होत नाही. मागायला पैसे पडत नाहीत. कोणीतरी खरंच मोजले तो भाव. विक्री पूर्ण झालेले व्यवहार शोध, लिलाव संपलेले बघ, ओळखीच्या संग्राहकांना विचार, आणि त्याच अवस्थेतल्या कार्डाशी तुलना कर. एकाच व्यवहाराला भाव मानू नकोस, दोन हट्टी माणसं एका लिलावात भेटली की आकडा भलताच फुगतो.

मग अर्ध्याचा नियम पाळ. समज, एक संच तू हजार रुपयांना विकशील असा तुझा अंदाज आहे. पॅकिंग आणि टपालाला शंभर धर, विक्रीच्या ठिकाणाचं कमिशन शंभर धर. उरले आठशे. तो पाचशेला घेतलास तर तीनशे सुटतील. सातशेला घेतलास तर शंभर, आणि एखादा नग परत आला किंवा वर्षभर पडून राहिला की ते शंभरही गेले. अंदाजाच्या अर्ध्यापेक्षा जास्त द्यावं लागत असेल तर नमस्कार करून उठ. सोडलेल्या मालाचं दुःख करू नकोस, पुढचा गठ्ठा येतोच.

वेळही ओळख. मार्च ते मे आयपीएलचे दिवस, सगळ्यांना क्रिकेट आठवतं, तेव्हा विक. जून-जुलैत, पाऊस लागला आणि शाळांच्या फिया भरायच्या असल्या की लोक विकायला काढतात, तेव्हा घे. मे २०२५ मध्ये एकाच आठवड्यात रोहित शर्मा आणि विराट कोहली कसोटीतून निवृत्त झाले. अशी बातमी आली की लोकांची धांदल उडते. त्या धांदलीत तू विकणारी अस, घेणारी नको. करोनाच्या काळात, २०२० आणि २१ मध्ये, जगभर कार्डांचे भाव असेच चढले आणि २०२२ पासून उतरले. चढत्या भावात कर्ज काढून माल भरणाऱ्यांनी मार खाल्ला. तुझं मुद्दल वर्षभर अडकलं तरी घर अडणार नाही, एवढंच ठेव. उधारीवर माल घेऊ नकोस आणि देऊही नकोस.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत, डी. वाय. पाटील मैदानावर, आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. पनवेलच्या थोडं पुढे घडलेली गोष्ट आहे ती. सांगलीची स्मृती मानधना, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज, यांचे आणि त्यांच्याआधी मैदान गाजवणाऱ्या मुलींचे जुने कागद, कार्डं, तिकिटं फार कमी छापली गेली आणि त्याहून कमी जपली गेली. 'जे सगळे जपतात ते दुर्मिळ होत नाही' हा नियम इथे उलट्या बाजूने लाव. मुलींचं क्रिकेट कोणी पाहत नव्हतं तेव्हाचा कागद दिसला, तर घे आणि ठेव.

आपला पाऊस

कार्डं ओलीपासून जपायचा मंत्र पुण्याच्या किंवा दिल्लीच्या माणसाला तितकासा लागत नाही, आपल्याला लागतो. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि चार महिने भिंतींना ओल असते. पुठ्ठा ओल ओढतो, फुगतो, वाकतो, मग त्यावर बुरशी येते, कसर लागते. आपल्या भागात जुनी कार्डं कमी उरली त्याचं मोठं कारण हेच. ज्याने ती कोरडी राखली, त्याच्या मालाला म्हणूनच किंमत आहे.

प्रत्येक चांगलं कार्ड वेगळ्या पारदर्शक पिशवीत ठेव. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घे. पीव्हीसीची घेऊ नकोस, नव्या रेनकोटसारखा वास येतो ती. काही वर्षांत ती चिकट होते आणि शाई ओढून घेते. रबरबँड, सेलोटेप, डिंक, स्टेपलर यांतलं काहीही कार्डाच्या जवळ नको. पिशवीतली कार्डं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात उभी ठेव आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाक. नारंगी खडे मिळतात ते घे. त्यांचा रंग उतरला की पुडीवर लिहिल्याप्रमाणे तापवून पुन्हा वापरता येतात. डांबराच्या गोळ्या टाकू नकोस, त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते.

ओलावा दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते डब्यात ठेव. आकडा ६५ च्या वर टिकून राहिला तर बुरशीची वेळ आली समज. ५० च्या आसपास ठेवायचा प्रयत्न कर. डबा जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको, आणि पत्र्याखालच्या माळ्यावरही नको, तिथे एप्रिल-मेची उष्णता फार असते. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट, मधला कप्पा, ही योग्य जागा. मृगाआधी सगळं एकदा तपास, मग पाऊस कोसळत असताना डबा विनाकारण उघडू नकोस. एखाद्या कार्डावर बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नकोस आणि उन्हातही टाकू नकोस. ते लगेच बाकीच्यांपासून वेगळं कर, कोरड्या हवेत सुकू दे, मग घराबाहेर मऊ कुंचल्याने झटक.

विकताना

फोटो दिवसाच्या उजेडात, पुढचा, मागचा आणि चारही कोपऱ्यांचा. दोष आधी लिही, गुण नंतर. "खालचा डावा कोपरा वाकलाय, मागे पेनाने नाव आहे" हे वाचून जो घेतो तो परत पाठवत नाही आणि पुन्हा येतो. कार्ड पिशवीत, पिशवी कडक प्लास्टिकच्या कव्हरात, ते पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये, आणि त्यावर पाणी न शिरणारं वेष्टण. बांधताना व्हिडिओ काढ. पैसे खात्यात जमा झाल्याचं स्वतः बघितल्याशिवाय पार्सल हलवू नकोस. आलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आणि "पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कोणी म्हटलं की बोलणं तिथेच थांबव. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. अनोळखी माणसाला प्रत्यक्ष भेटायचं तर दिवसा, वर्दळीच्या जागी, कोणाला तरी सोबत घेऊन.

पहिल्या दिवसापासून वही ठेव: कोणतं कार्ड, कोणाकडून, कितीला घेतलं, खर्च किती, कितीला विकलं, कधी. हा छंद राहिलेला नाही, व्यवसाय आहे, आणि त्याचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचं असतं. राज्याबाहेर किंवा ऑनलाइन बाजारातून विकताना जीएसटीचे नियम काय लागू होतात ते सीएला आधीच विचार. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि ती परदेशी पाठवायला बंदी आहे, हेही ध्यानात ठेव. मोबाईलमधल्या डिजिटल कार्डांच्या नादी लागू नकोस. अशा डिजिटल मालमत्तांच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे, आणि भिंगाखाली तपासायला हातात काही नसतं.

नाव

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगतो. तू कोणाच्या घरी जाशील, म्हाताऱ्या बाई माळ्यावरचा बिस्किटाचा डबा पुढे ठेवतील आणि म्हणतील, "काय द्यायचं ते दे." त्यांना किंमत माहीत नसेल, तुला माहीत असेल. त्या क्षणी खरी किंमत सांग. "हे मी हजाराला विकेन, माझा खर्च आणि मेहनत धरून तुम्हाला पाचशे देते" असं सरळ सांग. तुझा अर्ध्याचा नियम मोडत नाही आणि त्यांचीही फसवणूक होत नाही. शाळकरी मुलांकडून त्यांच्या आईबाबांशी बोलल्याशिवाय काही घेऊ नकोस. चोरीचा संशय आला तर मालाला हात लावू नकोस.

मुंबईत फसवलेलं गिऱ्हाईक गर्दीत हरवून जातं. इथे पळसदरीपासून खोपोलीपर्यंतच्या गाडीत रोज तीच माणसं भेटतात, आणि तुझ्या वागण्याची बातमी तुझ्याआधी पुढच्या घरी पोचते. माल कोणालाही मिळतो. माल आधी कोणाला दाखवायचा, हे लोक नाव बघून ठरवतात. आजोबांनी दुकान बंद केल्यानंतरही लोक कागद घेऊन घरी यायचे, कारण त्यांनी सांगितलेला भाव खरा असतो असा लोकांचा विश्वास होता.

आता कामाला लाग. या महिन्यात काही विकत घेऊ नकोस. भिंग आण, वही आण, घरातला जुना ट्रंप कार्डांचा संच काढ आणि आकड्यांवरून त्याचं साल ठरव. ठरलं की मला फोन कर, आणि ते साल कसं काढलंस ते कार्ड न् कार्ड सांग.

तुझा मामा